‘पगार’ या शब्दाची नोंद अपुरी आहे: कोशकारांना आणि परिभाषा समित्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी शब्दकोशांचे संपादक आणि शासकीय परिभाषा ठरवणाऱ्या समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी भाषेचा अभ्यासक नाही. एकतीस वर्षे एका कार्यालयाच्या लेखा शाखेत पगारपत्रके केली. सुरुवातीला लांब आडव्या तावांवर कार्बन घालून हाताने, पुढे संगणकावर. ज्या शब्दाने माझे घर चालले, त्या शब्दाविषयी दोन गोष्टी आपल्यापुढे मांडाव्यात असे निवृत्तीनंतर वारंवार वाटत राहिले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या कपाटातल्या एका जाडजूड कोशात ‘पगार’ या शब्दापुढे पुल्लिंगाची खूण आहे, ‘वेतन, मुशाहिरा’ असा अर्थ आहे आणि चौकटी कंसात ‘पोर्तु.’ एवढी अक्षरे आहेत. नोंद खोटी नाही. पण आवक नोंदवहीत मी एखाद्या पत्रापुढे ‘सोलापूरकडून’ एवढेच लिहिले असते आणि पाठवणाऱ्याचे नाव, तारीख, विषय असे सगळे रकाने कोरे सोडले असते, तर वरिष्ठांनी ती वही माझ्या अंगावर फेकली असती. कोशातल्या या कंसाकडे पाहिले की मला त्या कोऱ्या रकान्यांची आठवण होते. दुसरी गोष्ट अशी की, या अपुऱ्या कंसाचाच आधार घेऊन ‘पगार’ हा शब्द सरकारी कागदावरून हद्दपार केला जातो. ही हद्दपारी मी एकदा स्वतःच्या टेबलावर अनुभवली आहे.

मार्चचा पगार नव्या आर्थिक वर्षाच्या अनुदानातून एप्रिलमध्ये होतो आणि तो बहुधा लांबतो, हे सरकारी नोकरी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अशाच एका एप्रिलमध्ये मी सूचनाफलकासाठी एका ओळीचा मजकूर लिहिला: ‘मार्चचा पगार आठ तारखेनंतर होईल.’ वरिष्ठांनी लाल शाईने तो खोडून वर लिहिले: ‘माहे मार्चचे वेतन अदा करण्यास विलंब होईल.’ मी कारण विचारले, तेव्हा ‘पगार परकी शब्द आहे, कार्यालयीन कागदावर शुद्ध मराठी हवे,’ असे उत्तर मिळाले. ‘माहे’ फारसी आहे आणि ‘अदा’ अरबी आहे, हे त्या वेळी त्यांनाही माहीत नव्हते आणि मलाही. दुपारी आमच्या शिपायाने फलक वाचला, माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि अगदी प्रामाणिकपणे विचारता झाला, “भाऊसाहेब, हे वेतन आलं म्हणजे मग आपला पगार कधी व्हायचा?”

त्या प्रश्नाचे हसू बरीच वर्षे पुरले. विचार करायला लागलो तो मात्र पुढे कोश चाळण्याची सवय लागल्यावर.

पोर्तुगीज भाषेत ‘पागार’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ ‘पैसे देणे, देणे चुकते करणे’. स्पॅनिशमध्येही तेच रूप आहे, इटालियनमध्ये ‘पागारे’ आणि फ्रेंचमध्ये ‘पेये’. या सगळ्यांच्या मुळाशी लॅटिनमधले ‘पाकारे’ आहे, आणि ते निघाले ‘पाक्स’ या शब्दापासून, ज्याचा अर्थ आहे शांतता. ‘पाकारे’ म्हणजे आधी शांत करणे, समजूत घालणे. पुढे दारात येऊन बसलेल्या सावकाराला शांत करणे. आणि सावकार एकाच उपायाने शांत होत असल्यामुळे शेवटी पैसे देणे. पोर्तुगीजमध्ये आग किंवा दिवा विझवण्याला आजही ‘आपागार’ म्हणतात, ते याच कुळातले. देणे शमले आणि आग शमली, दोन्हीकडे क्रिया एकच.

फ्रेंच ‘पेये’ नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात गेले आणि त्याचे इंग्रजीत ‘पे’ झाले. म्हणजे ‘पगार’ आणि ‘पे’ ही एका आजीची नातवंडे आहेत. एक पोर्तुगीजांच्या जहाजातून आपल्या किनाऱ्यावर उतरले, दुसरे इंग्रजांच्या मागून आले. आज ‘पे स्लिप’वर पगाराचा आकडा छापला जातो, मोबाइलवरून ‘पे केलं’ असे आपण सहज म्हणतो, अर्धवेतनी रजेला कार्यालयात सगळे ‘हाफ पे’ म्हणतात, आणि एकाच कागदावर शेजारी बसलेल्या या भावंडांची एकमेकांशी ओळख नाही. ती ओळख करून देणे हे कोशाचे काम आहे, असे मला वाटते.

मूळ याहूनही खोल जाते. ‘पाक्स’चा धातू ‘बांधणे, घट्ट करणे’ या अर्थाचा मानतात. करार या अर्थाचा इंग्रजी ‘पॅक्ट’ त्यातलाच, आणि आपला संस्कृत ‘पाश’ही त्याच मुळाचा, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. पगार आणि पाश यांचे नाते ऐकून माझ्या एका सहकाऱ्याला मुळीच आश्चर्य वाटले नाही. तेव्हा त्याच्या सोसायटीच्या कर्जाचे हप्ते पगारातून कापले जात होते.

इथे मराठीने स्वतःच्या बळावर काय केले आहे, तेही पाहावे. आपण कर्ज ‘फेडतो’. ‘फेडणे’ म्हणजे सोडणे, उकलणे, गाठ सोडवणे. नेसलेले वस्त्र फेडतात, तसे ऋण फेडतात. लॅटिनच्या पूर्वजांनी देण्याघेण्याकडे बंधन म्हणून पाहिले आणि त्यातून शांततेकडे गेले. मराठीने त्याच व्यवहाराकडे सुटलेली गाठ म्हणून पाहिले. आणि ‘भागवणे’ तर थेट ‘पाकारे’च्या शेजारी बसते: तहान भागवावी, भूक भागवावी, तसे देणेकऱ्याचे देणे भागवावे. दोन दूरच्या भाषा एकमेकींकडून काही न घेता एकाच वळणाने विचार करतात, ही गोष्ट ‘पोर्तु.’ या कंसात कोंडून ठेवण्यासारखी नाही.

आता हा शब्द आपल्याकडे आला कसा. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५३४ च्या तहाने वसई त्यांच्या हाती गेली आणि चिमाजी अप्पांनी ती १७३९ मध्ये जिंकेपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, उत्तर कोकणचा हा पट्टा त्यांच्या अमलाखाली होता. रायगड जिल्ह्यातल्या कोर्लई गावात पोर्तुगीजपासून घडलेली एक मिश्र बोली अजूनही घरात बोलली जाते. पाव, चावी, बटाटा, घमेले, लिलाव, पिंप, काडतूस हे शब्द याच संबंधातून आले. ही यादी शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली असते, त्यामुळे ती मी लांबवत नाही. मात्र तिच्यात ‘पगार’ वेगळा पडतो. बटाटा ही वस्तू नवी होती, तिच्याबरोबर तिचे नाव आले. पाव नवा होता, त्याचेही तसेच. कामाचा मोबदला ही काही नवी वस्तू नव्हती. बलुतेदाराला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे, सालगड्याचे साल ठरे, मजुराला रोज मिळे, दरबारी चाकराला तैनात किंवा मुशाहिरा असे. नाव असलेल्या गोष्टीला पुन्हा परके नाव का लागावे? माझा आपला तर्क असा की किल्ल्यावर, गोदीत, गलबतावर आणि फिरंग्यांच्या घरी ठरलेल्या दिवशी रोख हातात पडणारी रक्कम लोकांना बलुत्याहून आणि तनख्याहून वेगळी वाटली असावी, आणि वेगळ्या गोष्टीला त्यांनी देणाऱ्याच्या तोंडचा शब्द लावला असावा. तर्क तपासण्याची साधने आपल्यासारख्यांकडे आहेत, माझ्याकडे नाहीत.

शब्द घेताना मराठीने त्यावर केलेली कारागिरी कोशात कुठेच दिसत नाही. पोर्तुगीज माणसासाठी ‘पागार’ हे क्रियापद आहे. तो आपल्या मासिक मोबदल्याला ‘सालारियु’ म्हणतो, ‘पागार’ म्हणत नाही. आपण क्रियापदाचे नाम केले, त्याला पुल्लिंग दिले, ‘पगाराला, पगारातून’ अशी विभक्ती लावली, आणि मूळ उच्चारातला शेवटच्या अक्षरावरचा जोर ‘गा’च्या दीर्घ आकारात टिकवून धरला. मग त्याला फारसी ‘दार’ जोडून ‘पगारदार’ केला, फारसी ‘बे’ऐवजी ‘बिन’ लावून ‘बिनपगारी’ केला, आणि त्या ‘बिनपगारी’पुढे ‘फुल अधिकारी’ बसवून काम न करता हुकूम सोडणाऱ्या माणसासाठी कायमची थट्टा तयार केली. त्या तीन शब्दांत पोर्तुगीज, इंग्रजी आणि संस्कृत अशा तीन भाषा आहेत आणि वाक्प्रचार मात्र शंभर टक्के मराठी आहे.

‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या इंग्रजी कोशात हा शब्द आहे. मुंबईकडच्या घरगुती बोलीत मजुरीसाठी तो सर्रास वापरला जातो आणि पोर्तुगीज क्रियापदाचा तो नामासारखा झालेला वापर आहे, इतके स्पष्ट त्या संपादकांनी नोंदवले. त्याच नोंदीत मलय भाषेतला कुंपण या अर्थाचा ‘पागार’ही दिला आहे, उच्चार जवळचा, नाते शून्य. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी परक्या संपादकांनी दोन वेगळे शब्द वेगळे ठेवण्याची जी दक्षता घेतली, ती आपल्या कोशांत आपल्या शब्दाला मिळू नये, याचे वाईट वाटते. आणि साधने नव्हती असेही नाही. बारदेशातल्या आसगावचे मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी आशियाई भाषांत गेलेल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा ग्रंथ १९१३ मध्येच प्रसिद्ध केला आणि १९३६ मध्ये बडोद्याहून त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. आपल्याच कोकणपट्टीतला हा माणूस. आपल्या कोशांच्या व्युत्पत्तीच्या कंसात त्याचे काम फारसे उतरलेले मला दिसले नाही.

‘पगार’ आपल्यापुरता नाही. कोकणीत आणि गुजरातीत तो आहे, उत्तर कर्नाटकातल्या कन्नडात आहे, मुंबईच्या हिंदीत आहे; पण त्या पलीकडे हिंदी पट्ट्यात गेले की ‘तनख्वाह’ सुरू होते. पोर्तुगिजांचा वावर कुठवर होता, हे या एका शब्दाच्या नकाशावर जवळजवळ आखता येते.

इतर भाषा या गोष्टीला काय म्हणतात हे पाहू लागलो, तेव्हा मला सर्वांत मजा वाटली ती महिन्याच्या कुळाची. अरबीत ‘शहर’ म्हणजे महिना, त्यावरून ‘मुशाहरा’ म्हणजे दरमहा मिळणारी रक्कम. तो शब्द इराणमार्गे मराठी दप्तरात ‘मुशाहिरा’ म्हणून आला, आणि अरबी व्यापाऱ्यांबरोबर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊन स्वाहिलीत ‘म्शाहारा’ झाला. आपल्याकडे तो जुन्या कागदांत राहिला; नैरोबीतला आणि दारेसलाममधला कामगार आजही महिनाअखेरीला त्याचीच वाट पाहतो. बंगालीत ‘माइने’ म्हणतात, त्यात महिनाच आहे. तुर्कीत ‘आयलिक’, म्हणजे पुन्हा महिन्याचे. आसामीत पगाराला ‘दरमहा’ म्हणतात! आपला ‘दरमहा’ मात्र क्रियाविशेषणच राहिला; तो रक्कम कधी मिळते एवढे सांगतो, रक्कम होऊ शकला नाही.

‘तनखा’ची कथा तर स्वतंत्र पत्राची आहे. फारसीत ‘तन’ म्हणजे देह आणि ‘ख्वाह’ म्हणजे हवे असणारे, अशी त्याची फोड करतात. मोगल कारभारात रोख पगाराऐवजी एखाद्या मुलखाचा महसूल तोडून देत, त्या नेमणुकीला हा शब्द लागला. त्याच वाटेने मराठीत गावाच्या आकारणीला ‘तनखा’ म्हटले गेले. हिंदी-उर्दूत तो पगार झाला. आणि शिखांमध्ये धर्मनियम मोडणाऱ्याला जी शिक्षा सांगितली जाते तिलाही ‘तनखाह’ म्हणतात, दोषी ठरलेला तो ‘तनखैया’. महसूल, पगार आणि प्रायश्चित्त हे तिन्ही अर्थ एका शब्दाने अंगावर घेतले.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी, कारण व्युत्पत्तीच्या नावाखाली आजकाल फार काही खपते. इंग्रजी ‘सॅलरी’चे मूळ लॅटिन ‘सालारियुम’ आणि त्याचा मिठाशी संबंध आहे, इथपर्यंत ठीक. पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच वाटले जात असे, या लोकप्रिय गोष्टीला त्या काळचा पुरावा नाही. आपल्याकडे ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ असल्यामुळे ती गोष्ट मराठी माणसाला लगेच पटते आणि भाषणांत टाळी घेते. कोशाने नेमके काय ठाऊक आहे आणि काय नुसते सांगितले जाते, यात रेघ ओढून द्यावी, ही माझी अपेक्षा आहे.

आता ‘वेतन’. त्याच्याविषयी माझ्या मनात आकस नाही. शब्द जुना आणि भारदस्त आहे; मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वादाची जी अठरा प्रकरणे सांगितली आहेत, त्यांत ठरलेले वेतन न देणे हे एक आहे. शिवछत्रपतींच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला आणि पेशवा, मुजुमदार, सुरनीस यांच्या जागी पंतप्रधान, अमात्य, सचिव आले, त्यामागची राजकीय गरजही मला समजते. १९६० मध्ये नव्या राज्याच्या कारभारासाठी परिभाषा घडवताना संस्कृतकडे वळणे सोयीचे होते, हेही मान्य. ‘महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम, १९८१’ मध्ये ‘वेतन’ या शब्दाला नेमकी व्याख्या आहे आणि ती हवीच.

माझे म्हणणे एवढेच की, नेमक्या याच कारणाने ‘वेतन’ आणि ‘पगार’ हे एकमेकांचे प्रतिशब्द नाहीत. मूळ वेतन, त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, मग भविष्यनिर्वाह निधी, व्यवसाय कर, सोसायटी अशा कपाती, आणि या सगळ्यानंतर जे हातात पडते तो पगार. महसुली तिकिटावर सही करताना एकही माणूस ‘माझे वेतन किती’ असे मला विचारत नसे. ‘हातात किती पडला?’ असे विचारत असे, आणि ‘पडला’ हे पुल्लिंगी क्रियापदच सांगे की मनात कोणता शब्द आहे. वेतन निश्चित होते, पगार होतो. वेतनश्रेणी असते, पगार तुंबतो. कोणत्याही कोशात हा भेद मला सापडला नाही. दोन्ही नोंदी एकमेकींकडे बोट दाखवून मोकळ्या होतात.

आणि असे भेद निरुपद्रवी नसतात. अंगणवाडी सेविकांना मिळणाऱ्या रकमेला ‘मानधन’ म्हणतात. मान आणि धन या दोन्ही शब्दांचा योग जुळवूनही त्यांची मागणी वर्षानुवर्षे वेतनाचीच राहिली, कारण मानधन घेणारा कर्मचारी ठरत नाही आणि कर्मचाऱ्याचे हक्क त्याला लागत नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सेविका उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र असल्याचा निर्णय दिला, तेव्हा त्यांना मिळणारे मानधन उपदानाच्या कायद्यातल्या ‘वेजेस’च्या व्याख्येत बसते, हे न्यायालयाला सांगावे लागले. कागदावर कोणता शब्द लिहिला यावर एका बाईचे म्हातारपण अवलंबून असेल, तर त्या शब्दांच्या सीमा आखणाऱ्यांनी घाई करू नये.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून नव्या कोशांची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे, म्हणून विनंती आताच करतो. ‘पगार’च्या नोंदीत पोर्तुगीज क्रियापद, त्यामागचे लॅटिन रूप आणि अर्थ कसा सरकला ते दोन ओळींत यावे. क्रियापदाचे नाम मराठीत झाले हे स्पष्ट लिहावे. मराठी कागदपत्रांतला त्याचा सर्वांत जुना सापडलेला वापर, साल आणि ठिकाण यांसह द्यावा. पेशवे दप्तर आणि गोव्याचे पुराभिलेखागार या दोन्हींकडे आपल्याला सहज जाता येते. पगार होणे, निघणे, कापणे, तुंबणे, पगारावर असणे, भरपगारी, बिनपगारी हे सगळे एका ठिकाणी यावे. परिभाषेच्या पुढच्या आवृत्तीत, जिथे नियमाचा संदर्भ आहे तिथे ‘वेतन’ ठेवून, नागरिकांसाठीच्या सूचना, फलक आणि अर्ज यांत ‘पगार’ लिहिण्यास हरकत नाही, असे एक वाक्य घालावे. एवढे वाक्य असते तर त्या एप्रिलमध्ये लाल शाई वाचली असती.

नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत मी पगाराविषयी लोक कसे बोलतात, ते एका दोनशे पानी वहीत टिपून ठेवले आहे. बोलणाऱ्याचे नाव कुठेही नाही. गाव, हुद्दा आणि तारीख आहे. शिपायाचा तो प्रश्न पहिल्या पानावर, आठवणीतून लिहिलेला आहे. आपल्यापैकी कोणत्याही मंडळाला ती उपयोगी पडणार असेल, तर पोचपावतीशिवायही द्यायला तयार आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखा कारकून